स्तनाचा कर्करोग आणि आपलं कोल्हापुरी ताट: काय बदलायचं, काय नाही

मंगळवार पेठेतल्या एका भिशीत मागच्या महिन्यात एका वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तांबडा रस्सा बंद करू काय? आमच्या गल्लीत एकीला छातीत गाठ निघालीया." त्यांचं ऐकून बाकीच्याही सरकून जवळ आल्या. एकीनं भीतीनं सोयाबीन सोडलं होतं, दुसरी रोज उपाशीपोटी हळदीचं पाणी घेत होती, तिसरीनं घरातलं दूधच बंद केलं होतं. आहाराशी जोडलेल्या ज्या दोन गोष्टींचा या आजाराशी संबंध सर्वांत पक्का आहे, त्यांचं नाव मात्र कुणीच काढलं नाही. एक म्हणजे चाळिशीनंतर हळूहळू चढत जाणारं वजन, आणि दुसरी दारू.

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्या थोरल्या जाऊबाईंचं स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं, तेव्हा त्यांनी मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला होता, "मी काय खाल्लं म्हणून हे झालं गं?" त्याचं उत्तर आधी देते, कारण त्याशिवाय पुढचं वाचू नये असं मला मनापासून वाटतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की स्तनाचा कर्करोग झालेल्या निम्म्या स्त्रियांमध्ये स्त्री असणं आणि वय वाढणं यापलीकडे कुठलंही खास कारण सापडत नाही. तेव्हा ज्या बाईला हा आजार झालाय तिच्या ताटात कुणी डोकावू नये. आहारानं धोका थोडा कमी करता येतो, पुसून टाकता येत नाही. पण थोडा म्हणजे क्षुल्लकही नाही. २०२२ साली भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना नव्यानं हा आजार झाल्याचा आणि सुमारे ९८ हजार जणी त्यानं गेल्याचा अंदाज आहे.

टक्के वाचायचे कसे

पुढं ठिकठिकाणी टक्के येतील, म्हणून एक गोष्ट आत्ताच. "धोका १० टक्क्यांनी वाढतो" याचा अर्थ शंभरातल्या दहा जणींना आजार होतो असा नाही. समजा शंभर बायकांमध्ये आयुष्यभरात चौघींना तो होणार असेल, तर १० टक्के वाढ म्हणजे चारच्या जागी ४.४. एकेकीपुरता हा फरक लहान वाटतो. पण असे चार-पाच लहान फरक एकाच बाईच्या बाबतीत वीस वर्षं साठत जातात, आणि तेच आपल्या हातात असतात.

पायरी १: शिलाईच्या डब्यातला टेप काढा

वजनकाटा नसला तरी चालेल, टेप हवाच. सकाळी पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी उभ्या राहा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये टेप गुंडाळा, श्वास सहज सोडा आणि आकडा बघा. पोट आत ओढायचं नाही. आपल्याकडच्या बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरतात. मग वजन किलोत घ्या, त्याला मीटरमधल्या उंचीनं दोनदा भागा. उत्तर २३च्या वर गेलं तर वजन जास्त, २५च्या वर गेलं तर लठ्ठपणा. पाश्चात्त्य तक्त्यांत हे आकडे २५ आणि ३० असतात. आपल्या शरीरात कमी वजनावरच पोटाची चरबी साचते, म्हणून आपली रेष अलीकडे आहे.

आता एक जुना आकडा आठवा, लग्नात तुमचं वजन किती होतं? तेव्हापासून आजवर किती वाढलं ते त्याच कागदावर लिहा. पाळी गेल्यानंतर होणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाचा धोका तरुणपणापासून वाढलेल्या दर ५ किलोंमागे साधारण ६ टक्क्यांनी चढतो असं मोठ्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं आहे.

असं का होतं ते समजलं की मन वळतं. पाळी चालू असते तोवर इस्ट्रोजेन हे संप्रेरक मुख्यतः बीजांडकोश तयार करतात. पाळी गेली की ते काम थांबतं, पण चरबीच्या पेशी स्वतः इस्ट्रोजेन बनवत राहतात. जितकी चरबी जास्त तितकं ते जास्त, आणि स्तनाच्या बऱ्याच गाठी या संप्रेरकावर पोसल्या जातात. त्यात पोट सुटलं की इन्शुलिन चढतं, तेही पेशींना वाढायला सांगतं.

इथं एक गुंता आहे आणि तो लपवून चालणार नाही. पाळी जाण्याआधीच्या वयात, जाड स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग थोडा कमीच दिसतो. म्हणून तिशीत वजन वाढलेलं बरं का? मुळीच नाही. तिशीतलं वजन पन्नाशीत आपोआप उतरत नाही, आणि हा आजार पन्नाशीनंतरही होतोच.

पायरी २: तेलाच्या पिशवीवर तारीख घाला

खरं काम इथं आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

माझ्याकडं येणाऱ्या बहुतेक जणी पहिलं वाक्य हेच म्हणतात, "मी कुठं काय खातो? दिवसाला दोन भाकरी." आणि ते खरं असतं. भाकऱ्या दोनच असतात. पण मिसळीचा कट, वांग्याच्या भरल्या भाजीवर आलेला तवंग, सकाळच्या पोह्यांची फोडणी, भाजीत उरलेल्या तेलावरच परतलेला भात, संध्याकाळी मुलांसोबत दोन भजी, यांची मोजणी कुणीच करत नाही. तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी असतात आणि तेल पोटात जागा घेत नाही, त्यामुळे जास्त झाल्याचं कळत नाही.

राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये दिलेल्या आहाराच्या नमुन्यात दिवसाला माणशी सुमारे २७ ग्रॅम तेल-तूप धरलं आहे. चौघांच्या घराला महिन्याला साधारण साडेतीन लिटर झालं. आता तुमच्या घरी काय चाललंय ते बघू. नवी पिशवी किंवा डबा फोडाल त्या दिवशी त्यावर पेननं तारीख लिहा. संपेल तेव्हा पुन्हा तारीख बघा आणि महिन्याचा हिशेब काढा. पाहुणे आले तो आठवडा वगळू नका, पाहुणे दर महिन्याला येतातच. सहा-सात लिटर निघाले तर घाबरायचं कारण नाही. पुढच्या महिन्यात एक लिटर कमी करायचं, त्याच्या पुढच्या महिन्यात अजून अर्धा. एकदम निम्मं केलंत तर घरची माणसं चौथ्या दिवशी ताट सरकवतील.

कमी करायचं कसं? आपल्या वाटणात कांदा, खोबरं, तीळ, खसखस असते. खोबरं आणि तीळ यांच्यात स्वतःचं तेल असतं, ते कोरडेच भाजा. कांदा तेलात तळण्याऐवजी आख्खा गॅसवर किंवा चुलीच्या निखाऱ्यात भाजून सोला. रश्श्याला उलट खरपूस वास येतो. वर्षाची कांदा-लसूण चटणी करताना आधीच तेल घातलेलं असतं, मग भाजीला पुन्हा पळीभर कशाला? रस्सा झाल्यावर दहा मिनिटं झाकून ठेवा आणि वर आलेली तर्री चमच्यानं एका वाटीत काढा. ती फेकू नका, दुसऱ्या दिवशी उसळीला तीच फोडणी म्हणून वापरा. आणि पळी बाद करून तेलाच्या डब्यात चहाचा चमचा ठेवा. यातलं एकच करणार असाल तर चमच्याचं करा.

तेल म्हणजेच कर्करोग, असं मात्र मी म्हणत नाही. अमेरिकेत पाळी गेलेल्या ४८,८३५ स्त्रियांवर एक मोठा प्रयोग झाला. काही जणींना कमी स्निग्ध आहार दिला आणि सरासरी ८ वर्षं पाहिलं. २००६ मध्ये निकाल आला. कमी तेल खाणाऱ्यांमध्ये स्तनाचा कर्करोग ९ टक्क्यांनी कमी होता, पण तो फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता. तेलावर लक्ष ठेवायचं ते वजनासाठी.

पायरी ३: आधी तुमची भाजी काढून ठेवा

आपल्या घरांत बाई शेवटी जेवते. तोवर कोशिंबीर संपलेली असते, पातेल्यात भाजीचा रस्सा उरतो, भात उरतो, पोरांनी टाकलेली अर्धी चपाती उरते. टाकवत नाही म्हणून ती ते सगळं संपवते. तिच्या पोटात भाजी कमी आणि भात जास्त जातो. हे वर्षानुवर्षं चालतं आणि कुणाला दिसत नाही. हा लेख कुणी सूनबाई वाचत असेल तर आजच सासूबाईंसाठी, आणि सासूबाई वाचत असतील तर सुनेसाठी, वाढायच्या आधी एक मोठी वाटी भाजी झाकून बाजूला ठेवा. उरलंसुरलं अन्न फ्रीजमध्ये जाऊ दे, सकाळी परतून खा. आपलं पोट म्हणजे घरातलं शेवटचं भांडं नव्हे.

राष्ट्रीय पोषण संस्था दिवसाला ४०० ग्रॅम भाजी आणि १०० ग्रॅम फळ सांगते. पहिल्याच दिवशी तिथं पोचता येत नाही. चौघांसाठी रोज एक किलो भाजी निवडून ठेवायची सवय लावा, मग वाढवत न्या. कपिलतीर्थ मार्केटला किंवा कोपऱ्यावर आजूबाजूच्या गावांतून येणाऱ्या मावशींकडं पोकळा, चाकवत, अंबाडी, मेथी, शेपू मिळतेच. शेंगांच्या दिवसांत वरणा, घेवडा, पावटा घ्या. रंगाची भाजी, म्हणजे गाजर, लाल भोपळा, पालक, यांतली एक रोज असू दे. भाज्यांमधल्या कॅरोटिनॉइड नावाच्या रंगद्रव्यांचा कमी धोक्याशी संबंध काही अभ्यासांत दिसलाय. पुरावा अजून कच्चा आहे, पण भाजी खाऊन तोटा कुणाचाच झालेला नाही.

धान्याचं बोलू. पॉलिश केलेल्या तांदळाच्या १०० ग्रॅममध्ये चोथा, म्हणजे फायबर, ३ ग्रॅमही नसतो. ज्वारीत सुमारे १० ग्रॅम असतो, नाचणी, बाजरी आणि कोंड्यासकट गव्हात ११ ग्रॅमच्या आसपास. यकृत वापरून झालेलं इस्ट्रोजेन पित्तातून आतड्यात सोडतं. पोटात चोथा असेल तर ते बाहेर पडतं, नसेल तर बरंचसं पुन्हा रक्तात शोषलं जातं. २०२० मध्ये २० अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा सर्वाधिक चोथा खाणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण सर्वांत कमी खाणाऱ्यांपेक्षा ८ टक्क्यांनी कमी दिसलं.

म्हणून रात्रीचा आमटी-भात भाकरीवर आणा, भात मूठभर ठेवा. लक्ष्मीपुरीतून महिन्याचं धान्य भरताना यादीत ज्वारी पहिली लिहा. गगनबावड्याकडची नाचणी मिळाली तर सोडू नका. आंबील करा, उन्हाळ्यात ताकातली आणि थंडीत गरम. हुलग्याचं माडगं विसरलेल्या घरांनी ते पुन्हा करावं, डाळीची डाळ आणि चोथ्याचा चोथा.

चहा आणि गूळ

एका कपात दोन चमचे साखर म्हणजे सुमारे १० ग्रॅम. दिवसात पाच कप झाले की ५० ग्रॅम, आणि मर्यादा आहे २५. साखर गाठीला थेट "खायला घालते" हे खरं नाही, शरीरातली प्रत्येक पेशी साखर वापरते. तिचा रस्ता वजनातून जातो. दर पंधरवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करा, जीभ बरोबर शिकते.

आणि गूळ. आपल्या गुळाला भौगोलिक मानांकन आहे, गुऱ्हाळावरच्या काकवीच्या वासानं मीही अजून विरघळते. पण कॅलरीच्या हिशेबात गूळ आणि साखर जवळपास सारखेच. "साखर बंद केली, गूळच खाते" म्हणत चहात दोन खडे टाकलेत तर कंबर तिथंच राहणार.

मटण, आणि त्या वहिनींचं उत्तर

तांबडा रस्सा बंद करायची गरज नाही. तांबड्या मांसाचा संबंध जास्त स्पष्टपणे दिसतो तो मोठ्या आतड्याच्या कर्करोगाशी. स्तनाच्या बाबतीत पुरावा तोकडा आहे. तरीही आठवड्याला शिजवलेलं मटण ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक पातळीवरच्या शिफारशी सांगतात. रविवारी जेवण आणि बुधवारी एखादी वाटी यात ते सहज बसतं. पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध असतं, तो वाटीभरच, पुन्हा पुन्हा वाढून नको. सुकं करपवू नका. तांबडा रस्सा तर्री काढून प्या. सोबत भाकरी आणि मोठी प्लेटभर काकडी-कांदा. सॉसेज, सलामी घरात आणूच नका.

दारू

हा भाग वाचताना अनेक जणी "आमच्यात चालत नाही" म्हणून पुढं जातील. पण लेकी पुण्या-बंगळूरला नोकरीला आहेत, शनिवार-रविवारच्या पार्ट्या आहेत, आणि वाइन म्हणजे दारू नव्हेच असा गैरसमज सुशिक्षित घरांतही आहे. म्हणून स्पष्ट लिहिते. व्हिस्कीचा ३० मिलिलिटरचा एक पेग म्हणजे साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. दीडशे मिलिलिटर वाइनमध्ये १४ ग्रॅमच्या आसपास. रोज १० ग्रॅम घेतलं तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका ७ ते १० टक्क्यांनी वाढतो, आणि घेणं वाढेल तसा तो चढत जातो. सुरक्षित अशी खालची रेष सापडलेली नाही. अल्कोहोल रक्तातलं इस्ट्रोजेन वाढवतं, शिवाय शरीरात त्याचं ॲसिटाल्डिहाइड बनतं, ते पेशींच्या डीएनएला इजा करतं. लेकीला हे ओरडून सांगू नका, आकडे दाखवा.

जाता जाता मिश्रीबद्दल, म्हणजे भाजलेल्या तंबाखूच्या पुडीबद्दल. ती तोंडाच्या कर्करोगाचं ठरलेलं कारण आहे. दात घासायला म्हणून सुरू होते आणि दिवसातून सहा वेळा लागते. घरात कुणी लावत असेल तर सोडायला मदत करा.

सोयाबीन, दूध, हळद

आपल्या जिल्ह्यात खरिपाला इतकं सोयाबीन पिकतं आणि आपणच त्याला भितो. त्यात इस्ट्रोजेनसारखा दिसणारा पदार्थ असतो हे खरं, पण तो अतिशय सौम्य असतो. आशियातल्या ज्या स्त्रिया नेहमी सोयाचे पदार्थ खातात त्यांच्यात हा आजार वाढलेला दिसत नाही, उलट काही अभ्यासांत कमीच दिसतो. दळणात मूठभर सोयाबीन किंवा आठवड्यातून दोनदा सोया वडीची भाजी बिनधास्त करा. सोयाच्या गोळ्या-कॅप्सूल मात्र नकोत, आणि कर्करोगाचे उपचार चालू असतील तर आहारातला कुठलाही मोठा बदल डॉक्टरांना विचारूनच.

दुधानं धोका वाढतो असा ठोस पुरावा नाही. पाळी जाण्याआधीच्या वयात तर दूध-दही थोडं राखत असावं असे संकेत आहेत. आपल्याकडच्या म्हशीच्या दुधात ६ ते ७ टक्के स्निग्धांश असतो, तेव्हा सकाळी साय काढा आणि पेलाभर दूध किंवा दही-ताक घ्या. दूध बंद केलेल्या त्या ताईंना मी हेच सांगितलं. पन्नाशीत हाडांना कॅल्शियम लागतं.

हळद भाजीत घाला. तिच्यातलं करक्युमिन रक्तात फार थोडं शोषलं जातं, आणि हळदीनं माणसांत स्तनाचा कर्करोग टळतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही. हळदीच्या मोठ्या मात्रेच्या कॅप्सूलनं यकृताला इजा झाल्याच्या नोंदी मात्र आहेत.

शुक्रवारचा उपवास

अंबाबाईचा शुक्रवार अनेक घरांत असतो. साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याचं कूट, दुपारी बटाट्याचा चिवडा, हा उपवास रोजच्या जेवणापेक्षा जड पडतो. वरईचा भात, काकडीची कोशिंबीर, दही, उकडलेलं रताळं, एक फळ, असं ठेवा. नवरात्राचे नऊ दिवस तर हे पाळाच.

पायरी ४: चालणं ताटाला जोडा

आठवड्याला किमान १५० मिनिटं. चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग. रंकाळ्यावर मैत्रिणीबरोबर गप्पा मारत रमतगमत घातलेली फेरी मनाला छान, पण ती यात मोजू नका. विद्यापीठाच्या आवारात सकाळी चढाच्या रस्त्यानं अर्धा तास चाललात तर मोजा. आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून हात न टेकता उठा-बस करा, दहा-दहाच्या तीन फेऱ्या. पन्नाशीनंतर स्नायू झडतात आणि त्यांची जागा चरबी घेते.

बाळंतिणीसाठी

स्तनपान आईलाही राखतं. तीस देशांतल्या ४७ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २००२ मध्ये आलं. स्तनपानाच्या दर १२ महिन्यांमागे आईचा धोका ४.३ टक्क्यांनी कमी होतो असं त्यात दिसलं. दोन बाळं मिळून जितके महिने होतील ते सगळे धरले जातात. बाळंतिणीला डिंकाचे-अळिवाचे लाडू प्रेमानं द्या, दिवसाला एक. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन दिले की सहा महिन्यांत दहा किलो चढतात आणि ते उतरायला मग दहा वर्षं लागतात.

पायरी ५: तपासणी

वरचं सगळं नीट पाळणाऱ्या बाईलाही गाठ येऊ शकते. महिन्यातून एकदा, पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसात, अंघोळीच्या वेळी साबणाच्या हातानं स्तन आणि काख चाचपा. पाळी गेली असेल तर महिन्याची एक तारीख ठरवा. गाठ, बोंड आत ओढलं जाणं, बोंडातून रक्त किंवा पाणी, संत्र्याच्या सालीसारखी झालेली त्वचा, काखेत सूज, यातलं काहीही दिसलं तर त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. "दुखत नाही म्हणजे साधी असेल" असं माझ्या जाऊबाई चार महिने म्हणत राहिल्या. सुरुवातीची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही.

तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात दर पाच वर्षांनी स्तनाची तपासणी करून देण्याची योजना आहे; आशाताईंना विचारा. डॉक्टर किंवा प्रशिक्षित सेविकेनं नुसत्या हातानं केलेल्या तपासणीचाही उपयोग होतो. मुंबईत दीड लाखाहून जास्त स्त्रियांना वीस वर्षं पाहिलं गेलं. दर दोन वर्षांनी अशी तपासणी झालेल्या, पन्नाशी आणि त्यापुढच्या स्त्रियांमध्ये या आजारानं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले.

जाताना एक कागद सोबत न्या. आई, बहीण, मावशी, आजी यांच्यात कुणाला स्तनाचा किंवा बीजांडकोशाचा कर्करोग झाला होता का, कितव्या वर्षी, हे त्यावर लिहा. आत्या आणि वडिलांची आईही लिहा. माहेरचा इतिहास विचारला की बायका आईकडचंच सांगतात, पण या आजाराचा धोका वाढवणारं सदोष जनुक वडिलांकडूनही तितकंच येतं. त्याच कागदावर पहिल्या पायरीतला कमरेचा आकडाही असू द्या.